अमेरिकी सरकारनं कंत्राट मध्येच संपवलं तर: अधिकार कोणाचा, हिशेब कसा मिटवायचा

नोटीस साधारण दोन-तीन पानांची असते, हल्ली ईमेलनंच येते. पहिल्याच परिच्छेदात कंत्राट संपवल्याचं लिहिलेलं असतं आणि तिथेच वाचणाऱ्याचं डोकं बधिर होतं. तुम्ही सरळ शेवटच्या पानावर जा. सही कोणाची आहे ते आधी बघा.

मी मूळची सांगलीची, पेशानं कॉस्ट अकाउंटंट, आता ओहायोत डेटनजवळ राहते. इथल्या राइट-पॅटरसन हवाई तळाच्या आसपास लष्करासाठी सुटे भाग बनवणारी छोटी मशीन शॉप्स आहेत. त्यांतल्या काहींचे हिशेब मी बघते. लढाई पेटली की ऑर्डरी धो धो येतात, धोरण फिरलं की एका ईमेलनं बंद होतात. मग आपल्याकडच्या मंडळींचे फोन येतात, आणि प्रश्न तेच ते असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी वकील नाही. रक्कम मोठी असेल तर वकील गाठाच, पण सरकारी कंत्राटांचा गाठा. घरखरेदीचे कागद करून देणारा इथे कामाचा नाही.

सही कोणाची?

अमेरिकी सरकारच्या वतीनं कंत्राट करायचा, बदलायचा आणि संपवायचा अधिकार फक्त कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला असतो. तोही त्याच्या वॉरंटवर, म्हणजे नेमणुकीच्या अधिकारपत्रावर, जेवढा लिहिलाय तेवढाच. प्रोग्रॅम मॅनेजर, तळावरचा इंजिनिअर, माल तपासायला येणारा इन्स्पेक्टर, छातीवर पदकं लावलेला कर्नल, यांच्यापैकी कोणीही फोनवर "थांबवा आता" म्हणालं तरी तो आदेश होत नाही. फोन खाली ठेवला की लगेच कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला दोन ओळी लिहा: अमुक माणसानं अमुक वाजता काम थांबवायला सांगितलं, हा तुमचा आदेश समजायचा का, लेखी कळवा. नुसत्या फोनवर मशीन बंद ठेवलंत तर उद्या तुम्हीच वेळेत माल दिला नाही असं म्हणायला जागा राहते.

हे किती महागात पडू शकतं ते १९१८ साली दिसलं. पहिल्या महायुद्धाच्या घाईत अमेरिकी युद्ध खात्याच्या अधिकाऱ्यांनी कितीतरी ऑर्डरी तोंडी, तारेनं, नाहीतर एकाच्या नावावर दुसऱ्यानं सही करून दिल्या होत्या. ११ नोव्हेंबरला युद्धविराम झाला, काम थांबलं, कारखानदार बिलं घेऊन आले. तिजोरीच्या हिशेब तपासनिसांनी सांगितलं की कायद्याला लागते तशी सही नाही, म्हणजे कंत्राटच नाही, पैसे कसले? शेवटी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, २ मार्च १९१९ रोजी डेंट कायदा नावाचा खास कायदा करावा लागला. १२ नोव्हेंबर १९१८च्या आधी प्रामाणिकपणे केलेला व्यवहार असेल तर सहीतली खोट माफ, पण दावा ३० जून १९१९च्या आत आला पाहिजे. ज्याला हे वेळेत कळलं नाही त्याचे पैसे बुडाले.

आजही अशी खोट भरून काढायची एक वाट आहे, १९५८चा सार्वजनिक कायदा ८५-८०४. राष्ट्रीय संरक्षणासाठी गरज असेल तर खात्याला त्याखाली अनौपचारिक व्यवहारही पदरात घेता येतो. पण ती आडवाट आहे. तिच्यावर भिस्त ठेवून मशीन चालू करू नका.

संपवण्यावर भांडू नका

नोटीस आली की प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो: त्यांना असं करता येतं का? येतं. सरकारच्या हिताचं आहे असं कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला वाटलं की तो संपवू शकतो, आणि त्याची दुष्ट बुद्धी सिद्ध केल्याशिवाय तुम्ही तो निर्णय हलवू शकत नाही. ते सिद्ध होणं जवळपास अशक्य.

हा अधिकार आजकालचा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात नौदलानं वाफेच्या इंजिनांची कंत्राटं दिली होती. युद्ध संपलं, जहाजांची गरज उरली नाही. नौदलानं कॉर्लिस कंपनीचं काम थांबवलं आणि अर्धवट यंत्रं ताब्यात घेऊन ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलं. पुढे सरकारनंच कुरकुर सुरू केली की अशी तडजोड करायचा अधिकार नौदलाला होता कुठे? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८७५च्या सत्रातला तो निकाल आहे: कंत्राट द्यायचा अधिकार ज्याला आहे त्याला ते थांबवायचा आणि मिटवायचाही आहे, कारण युद्धाच्या गरजा बदलतात आणि नको असलेला माल बनवत बसणं कोणाच्याच फायद्याचं नाही. थांबवणं आणि मिटवणं हे जोडीनं येतं हे त्या निकालातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमचे लोक पहिल्या अर्ध्यावर सगळी ताकद घालवतात आणि दुसऱ्या अर्ध्याला, जिथे पैसे आहेत, तिथे दमून पोचतात.

"आमच्या कंत्राटात समाप्तीचं कलमच नाही हो" असं कोणी सांगितलं तर उड्या मारू नका. लुइझियानातल्या फोर्ट पोक तळावर दोन हजार घरं बांधायचं कंत्राट होतं. तळ बंद करायचं ठरलं, कंत्राट संपवलं, आणि करारात समाप्तीचं कलम घालायचं राहून गेलेलं. कंत्राटदार न्यायालयात गेला. १९६३ साली न्यायालयानं सांगितलं की नियमांनी सक्तीचं केलेलं कलम लिहिलेलं नसलं तरी आहेच असं समजायचं. ख्रिश्चन सिद्धान्त म्हणून वकील मंडळी ज्याचा उल्लेख करतात तो हाच. धर्माशी संबंध नाही, कंत्राटदार कंपनीचं नाव ख्रिश्चन होतं.

भांडायचंच असेल तर एका गोष्टीवर भांडा. नोटीस सरकारच्या सोयीसाठी आहे की तुमच्या कसुरीसाठी? सोयीसाठी असेल तर केलेल्या कामाचे पैसे आणि त्यावर रास्त नफा मिळतो. कसूर म्हणून असेल तर न स्वीकारलेल्या कामाचे पैसे नाहीतच, वर दुसऱ्याकडून घेतलेल्या मालाचा जादा खर्च तुमच्या डोक्यावर. या दोहोंतला फरक किती मोठा, याचं नौदलाच्या ए-१२ विमानाइतकं ठसठशीत उदाहरण नाही. ७ जानेवारी १९९१ला ते कंत्राट कसूर ठरवून संपवलं. मॅकडोनेल डग्लस आणि जनरल डायनॅमिक्स यांनी ते सोयीसाठी धरावं म्हणून दावा लावला. तो खाली-वर करत २०११ला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तडजोड झाली जानेवारी २०१४मध्ये. तोवर मॅकडोनेल डग्लस बोइंगमध्ये विलीनही होऊन गेली होती. त्यांच्याकडे तेवीस वर्षं वकील पोसायची ऐपत होती. आपल्या वीस माणसांच्या शॉपकडे नसते. नोटिशीत कसुरीचा उल्लेख दिसला तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी वकिलाला फोन करा.

यापुढचं सगळं सोयीसाठी संपवलेल्या, ठरावीक किमतीच्या कंत्राटाबद्दल आहे.

पहिला आठवडा

नोटिशीत समाप्तीची तारीख आणि किती भाग संपवलाय ते लिहिलेलं असतं. दोनशेपैकी शंभर नग संपवले असतील तर उरलेले शंभर वेळेत द्यायचेच आहेत. हे सांगायची वेळ येते कारण सगळंच बंद करून बसलेली शॉप्स मी पाहिलीत. शिवाय नग कमी झाले की उरलेल्या प्रत्येक नगावर खर्च जास्त बसतो. त्याची वाढीव किंमत वेगळी मागता येते, आणि ती मागायची मुदतही कलमात असते.

संपलेल्या भागाचं काम त्या तारखेला थांबवा. त्यासाठी नवा माल मागवू नका. ज्या वेंडरना पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) दिलेत त्यांना त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. तुम्ही कळवायला तीन आठवडे लावले आणि तेवढ्यात वेंडरनं आणखी माल कापला, तर त्या मालाचे पैसे सरकार का देईल? तुमच्या खिशातून जातील.

समाप्तीसाठी वेगळा जॉब नंबर उघडा. त्या तारखेपासून या प्रकरणावर जो जो तास जाईल, मग तो माल मोजण्यात, वेंडरशी बोलण्यात, हिशेब मांडण्यात किंवा वकिलाकडे गेलेला असो, तो त्या नंबरवर पडला पाहिजे. हा खर्च मिटवणुकीचा खर्च म्हणून वेगळा मागता येतो आणि रास्त असेल तर मिळतो. नंतर आठवून लिहिलेले तास मात्र ऑडिटर हसत हसत कापतो.

आता तुमच्यासमोरचा सरकारी माणूस बदललेला असेल. मिटवणूक पाहणाऱ्याला टर्मिनेशन कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसर म्हणतात, टीसीओ. संरक्षण खात्याच्या कंत्राटांत तो बहुधा डीसीएमए या कंत्राटांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेतला असतो. कंत्राट देणाऱ्याशी तुमची कितीही गट्टी असो, पैशाचं बोलणं यापुढे टीसीओशी. पहिल्याच भेटीत कोणता फॉर्म, कोणती पद्धत, ऑडिट होणार का आणि माल कोण बघायला येणार, हे विचारून घ्या आणि संध्याकाळी त्याला ईमेलनं परत लिहून पाठवा.

माल मोजणं

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पैसे बुडतात ते इथे.

माझे वडील सरकारी खात्यांचे छोटे कंत्राटदार होते, बंधाऱ्यांची, मोऱ्यांची कामं घ्यायचे. "एमबीत चढलं नाही ते झालंच नाही" हे त्यांचं पालुपद होतं. एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, ज्याला अभियंत्याच्या मोजमापाची वही म्हणतात ते. समोर मोरी उभी असली तरी वहीत आकडा नसेल तर बिल निघायचं नाही. वॉशिंग्टनची तऱ्हा याहून वेगळी नाही.

तयार होऊन पाठवायचे राहिलेले नग सोपे. ते कंत्राटाच्या भावानं जातात. कच्चा मालही सोपा, पावती आहे, वजन आहे. गोची होते अर्धवट कामात. समजा रॅकवर ७०७५ ॲल्युमिनियमचे चाळीस ब्लँक पडलेत. काहींची फक्त सळई कापलीय, काहींचं पहिलं मिलिंग झालंय, काहींना भोकं पाडून झालीत पण आटे पाडायचे आहेत. दिसायला सगळे सारखेच राखाडी ठोकळे. त्या प्रत्येक लॉटबरोबर ट्रॅव्हलर फिरत असतो, ते तेलानं माखलेलं कार्ड, ज्यावर एकेक ऑपरेशन झालं की ऑपरेटर आद्याक्षरं आणि तारीख टाकतो. ते कार्ड म्हणजे तुमची एमबी. नोटीस आली त्या दिवशी कोणी शहाणपणा करून रॅक आवरायला घेतो, ठोकळे एका क्रेटमध्ये आणि कार्डं दुसऱ्या खोक्यात. मग कोणत्या ठोकळ्यावर किती तास गेले हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, आणि टीसीओ त्याला भंगाराच्या भावानं धरायला मोकळा.

म्हणून काहीही हलवायच्या आधी आहे त्या जागी फोटो काढा, कार्ड आणि माल एकाच फोटोत येईल असे. प्रत्येक लॉटला तारेनं टॅग बांधा. चिकटपट्टी तेलावर टिकत नाही. टॅगवर कंत्राट क्रमांक, पार्ट नंबर, शेवटचं पूर्ण झालेलं ऑपरेशन, नगसंख्या. मोजायला दोघं हवेत, एक मोजणारा आणि एक लिहिणारा, आणि दोघांच्या सह्या. त्यातला एक ऑफिसातला असला तर फार बरं, कारण शॉपमधल्या माणसाला प्रत्येक ठोकळा ओळखीचा वाटतो आणि तो न मोजताच आकडा सांगतो.

मग वाटणी करा. दुसऱ्या कामाला वापरता येईल असा माल, म्हणजे बाजारात सर्रास मिळणारे बोल्ट, सळया, बेअरिंग, हा सरकारच्या माथी मारता येत नाही; तो तुम्हीच ठेवायचा. वेंडर परत घेत असेल तर परत करा, त्याचं कापून घेतलेलं शुल्क दाव्यात येतं. फक्त याच कामासाठी बनवलेली फिक्स्चर आणि खास टूलिंग यांची यादी वेगळी. त्यांची उरलेली किंमत मागता येते, पण ती दुसरीकडे चालत नाहीत हे पटवून द्यावं लागतं, म्हणून ड्रॉइंग जोडा.

उरलेल्या मालाची यादी स्टँडर्ड फॉर्म १४२८वर जाते आणि नेहमीच्या कलमाप्रमाणे समाप्तीच्या तारखेपासून १२० दिवसांत द्यायची असते. त्यानंतर प्लँट क्लिअरन्स ऑफिसर ठरवतो की सरकार नेणार, विकणार की तिथेच भंगारात काढणार. तो ठरवेपर्यंत मालाला हात लावायचा नाही. भंगारवाल्याला दिलात आणि नंतर त्याची मालकी सरकारची निघाली तर प्रकरण हिशेबातून बाहेर जाऊन भलतीकडेच जातं.

रॅक अडून राहतात ही तक्रार खरी आहे, आणि जुनी आहे. दुसरं महायुद्ध संपत आल्यावर हाच घोर होता: कारखाने तोफगोळ्यांच्या अर्धवट कवचांनी भरलेले राहिले तर त्यात फ्रिज आणि मोटारी बनायच्या कधी? फेब्रुवारी १९४४मध्ये बर्नार्ड बरूक आणि जॉन हॅनकॉक यांनी युद्धोत्तर घडी बसवण्याचा अहवाल दिला. त्याच्यामागोमाग १ जुलै १९४४ला रूझवेल्टनी कंत्राट मिटवणूक कायद्यावर सही केली. लढाई अजून चालू असतानाच मिटवणुकीची सोय केली ही त्यातली शहाणपणाची गोष्ट. मागच्या युद्धाची हबेलंडी ताजी होती. पहिल्या महायुद्धातल्या जहाजांच्या किमतीवरून बेथलेहेम स्टीलशी चाललेला खटला सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला तो १९४२ साली, म्हणजे दुसऱ्या युद्धात! नव्या कायद्यात कारखानदाराला मुभा होती की मालाची यादी दिल्यावर साठ दिवसांत सरकारनं माल नेला नाही तर त्यानं तो हलवून सरकारी खर्चानं साठवावा. आजच्या कलमातही माल न्या किंवा साठवणुकीचा करार करा, असं मागायचा हक्क आहे. मागितल्याशिवाय मात्र कोणी ट्रक पाठवत नाही.

आकडा मांडणं

मांडायच्या पद्धती दोन. सरकारला आवडते ती मालावर आधारित: फॉर्म १४३५, ज्यात तयार नग, अर्धवट नग, कच्चा माल अशा रांगा. दुसरी एकूण खर्चावर आधारित, फॉर्म १४३६. तिला टीसीओची आगाऊ परवानगी लागते आणि पहिली पद्धत खरोखर चालत नसेल तेव्हाच ती मिळते. लहान रकमेच्या दाव्यांना आखूड फॉर्म आहे, १४३८. २०२५पासून या सगळ्या नियमावलीची फेरमांडणी चालू आहे, तेव्हा इंटरनेटवर सापडलेल्या पानापेक्षा तुमच्या कंत्राटाला जोडलेलं कलम प्रमाण माना. बहुतेकांचं ५२.२४९-२ असतं.

तत्त्व आपल्या लोकांना लगेच कळतं. लग्न मोडलं तरी मांडववाल्याचे आणि आचाऱ्याचे घातलेले पैसे द्यावे लागतात. पुढच्या बारशाचं जेवण आपल्यालाच मिळालं असतं म्हणून आचाऱ्याला त्याचे पैसे मागता येत नाहीत. केलेल्या कामावर नफा आहे, न केलेल्यावर नाही.

एक काल्पनिक हिशेब घेऊ. दोनशे ब्रॅकेट, प्रत्येकी १,००० डॉलर, एकूण २,००,०००. ऐंशी पोचले, त्यांचे ८०,००० मिळाले. उरलेले एकशेवीस संपवले. त्यांच्यावर आजवर झालेला खर्च, माल ३०,०००, मजुरी १८,०००, ओव्हरहेड १४,०००, मिळून ६२,०००. त्यावर ८ टक्के नफा ठरला, ४,९६०. वेंडरची मिटवणूक ९,०००. आपला मिटवणुकीचा खर्च ५,५००, यावर नफा नाही. एकूण ८१,४६०. मिटवणुकीचा खर्च वगळून उरलेली रक्कम कंत्राटाच्या शिल्लक किमतीपेक्षा, म्हणजे इथे १,२०,०००पेक्षा जास्त होता कामा नये. झाली नाही, ठीक.

सुरुवातीचा खर्च विसरला जातो. पहिल्या काही नगांवर प्रोग्रॅमिंग, सेटअप, ऑपरेटरचा हात बसेपर्यंतचं भंगार, हे सगळं दोनशे नगांवर पसरायचं म्हणून तुम्ही भाव लावला होता. ऐंशीवरच थांबलात तर राहिलेला वाटा वसूल झालेलाच नाही. तो मागता येतो, पण सुरुवातीच्या नगांचे आणि नंतरच्या नगांचे तास वेगवेगळे दाखवता आले पाहिजेत. याच कामासाठी भाड्यानं घेतलेली जागा, जिचा करार अजून संपायचा आहे, तिचंही भाडं रास्त मुदतीपुरतं बसतं.

आणि एक कडू गोष्ट. काम पूर्ण झालं असतं तर तोट्यातच गेलं असतं असं दिसलं तर नफा शून्य, शिवाय खर्चालाही कात्री. कंत्राट ४,००,०००चं आणि पूर्ण करायला एकूण ५,००,००० लागले असते, तर प्रमाण ८० टक्के; तुमच्या १,५०,०००च्या खर्चाचे १,२०,०००च धरतात. स्वस्तात कंत्राट पटकावून समाप्तीत हात धुऊन घ्यायची वाट यानं बंद होते. नियम योग्य आहे असं माझं मत, जरी त्यामुळे काही चांगल्या माणसांचे चेहरे पडलेले मी पाहिलेत.

तुम्ही सब (सबकॉन्ट्रॅक्टर) असाल तर

आपली बहुतेक मंडळी थेट सरकारची कंत्राटदार नसतात, कोणा मोठ्या कंपनीच्या हाताखालची असतात. तुमचा करार त्या कंपनीशी, सरकारशी नाही. टीसीओला फोन करून उपयोग नाही, तो सभ्यपणे तुम्हाला परत पाठवतो. दावा कंपनीकडे द्यायचा, ती तुमच्याशी मिटवते आणि आपल्या दाव्यात तो आकडा घालते. ठरलेल्या मर्यादेवरच्या मिटवणुकीला टीसीओची मंजुरी लागते. क्वचित सरकार स्वतः सबच्या दाव्यात उतरतं, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग.

गोम अशी की कंपनीच्या पीओमागच्या बारीक अक्षरांत दावा करायची मुदत सरकारच्या मुदतीपेक्षा कितीतरी कमी असते. सरकार देतं वर्ष, कंपनी देते काही आठवडे. एका बड्या कंपनीच्या बायरनं आमच्या ओळखीतल्या शॉपला "सरकारचे पैसे आले की बघू" म्हणून महिनोन्‌महिने झुलवलं आणि मग मुदत संपल्याचं पत्र धाडलं. त्याचं गोड बोलणं कागदावर कुठेच नव्हतं. तुमची मुदत पीओवर शोधा, आणि कंपनीला सरकारकडून कधी पैसे मिळतात याच्याशी तुमचं देणं बांधलेलं आहे का तेही तिथेच बघा. नवीन पीओ घेताना हे वाक्य खोडून घ्यायचा प्रयत्न करा. दहांतले दोन बायर ऐकतात.

मधल्या काळातले पैसे

मिटवणूक होईपर्यंत पगार थांबत नाहीत. फॉर्म १४४०वर अंशतः रक्कम आगाऊ मागता येते. तयार नग आणि वेंडरना दिलेले पैसे यांवर ती लवकर सुटते, अर्धवट कामावर कमी. दावा दाखल केल्याबरोबर हा अर्जही टाका, टीसीओ आपणहून विचारत नाही.

व्याजाच्या बाबतीत १९४४ची मंडळी आजच्यापेक्षा उदार होती. त्या कायद्यात समाप्तीच्या तारखेनंतर तीस दिवसांनी न दिलेल्या रकमेवर वर्षाला अडीच टक्के व्याज सुरू व्हायचं. त्यामुळे उशीर झाला की खात्यालाही टोचायचं. आज मिटवणुकीच्या रकमेवर व्याज नाही. बोलणी फिसकटून प्रकरण रीतसर दावा झालं की मगच, १९७८च्या कंत्राट तंटा कायद्याखाली, ते चढायला लागतं. बोलणी लांबली तर नुकसान एकट्या तुमचं, हे लक्षात ठेवून आगाऊ रकमेचा पिच्छा पुरवा.

टेबलावर

अंतिम प्रस्ताव समाप्तीच्या तारखेपासून एक वर्षात द्यायचा. मुदतवाढ हवी तर ती त्या वर्षाच्या आत लेखी मागायची. हे चुकलं तर टीसीओ त्याच्याकडे असलेल्या कागदांवरून स्वतःच आकडा ठरवू शकतो, आणि मग अपिलाचा हक्कही जातो. एवढी एक तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा.

टीसीओचा अधिकार इथे बराच रुंद असतो. प्रत्येक डॉलरची पावती जुळवायला तो बांधलेला नाही. रास्त मोबदला काय ते धंद्याच्या व्यवहारज्ञानानं ठरवावं, नुसत्या हिशेबाच्या काटेकोरपणानं नव्हे, ही भूमिका नियमांतच आहे. १९४४मध्ये यावरून चांगलीच जुंपली होती. महालेखापाल लिंडसे वॉरन यांचं म्हणणं होतं की आपल्या कार्यालयानं आधी तपासल्याशिवाय पैसे सुटू नयेत. काँग्रेसनं तसं केलं नाही. खात्यांनी मिटवलेलं अंतिम धरायचं आणि महालेखापालांनी मागाहून लबाडी झाली का ते बघायचं, असं ठरलं. आधी तपासणी ठेवली असती तर त्या युद्धाची कंत्राटं मिटायला आणखी एक युद्ध लागलं असतं असं मला वाटतं. टेबलावर याचा अर्थ एवढाच: ओळीओळीवर अडू नका, एकूण आकड्यावर या. नफ्याच्या टक्क्यावर अर्धा टक्का सोडून अर्धवट कामाची मोजणी मान्य करून घेतलीत तर सौदा वाईट नाही. पण कुठला खर्च दोनदा आलाय का ते स्वतः तीनदा तपासा. फुगवलेली रक्कम कापली जाते. खोटी ठरली तर तिथून पुढे फौजदारी असते.

जमलं नाही तर टीसीओ एकतर्फी आकडा ठरवून निर्णय देतो. त्यावर ९० दिवसांत तंटा मंडळाकडे, संरक्षण खात्याचं एएसबीसीए, किंवा १२ महिन्यांत फेडरल दाव्यांच्या न्यायालयात जाता येतं. दोन्हीकडे नाही, एकीकडेच. मंडळ स्वस्त पडतं, आणि माझ्या पाहण्यात छोट्यांसाठी तेच बरं.

जमलं, तर मिटवणुकीच्या करारावर सही करण्याआधी शेवटचा परिच्छेद वाचा. त्यात बहुधा सगळे हक्क सोडल्याचं असतं. नंतर येऊ शकणारं एखादं देणं, म्हणजे वेंडरचा चालू खटला, कामगार भरपाईचं प्रलंबित प्रकरण, हे नाव घेऊन राखून ठेवा. सही झाल्यावर आठवलं तर दार बंद.

संपलेल्या भागाचे कागद अंतिम मिटवणुकीनंतर तीन वर्षं जपायचे असतात. ट्रॅव्हलर कार्डांसकट, स्कॅन केलीत तरी मूळ फेकू नका, तेलाचे डाग पडलेली आद्याक्षरं स्कॅनमध्ये उमटत नाहीत.